११२ नंबरची पेटी

नाव: कागदावर आहेच, ओळख फ्रिजवाल्या काकू. वय: ५४ वर्षे. व्यवसाय: घरकाम. राहणार: डेअरीच्या मागची गल्ली, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वीस वर्षे नवऱ्यासोबत फ्रिज दुरुस्त केले आणि ते गेल्यावर सहा वर्षे एकटीने. वर्षभरापासून सरकारी इन्क्युबेशन सेंटरमधली खोली नंबर चार माझ्याकडे आहे. नवा उद्योग सुरू करणाऱ्याला तिथे वर्षभर खोली, वीज आणि अवजारे मिळतात. मी तिथे लशी थंड ठेवणारी, बॅटरीवर चालणारी पेटी बनवली. वर्ष संपण्याआधी एक तरी खरा वापरणारा दाखवायचा, नाहीतर खोली सोडायची, अशी अट आहे. माझी मुदत उद्या संपते.

मागच्या महिन्यात सेंटरमध्ये सामानाची मोजदाद झाली. कारकुनाने खुर्च्या, पंखे मोजता मोजता माझ्या पेटीवरही सरकारी नंबर चिकटवला, ११२. मी म्हटले, "दादा, ही माझी आहे." तो म्हणाला, "काकू, खोलीत जे आहे ते यादीत. काढायचं तर अर्ज करा." अर्ज केला. उत्तर अजून यायचे आहे.

आज सकाळी १०.४० ला नणंदेचा फोन आला. ती लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "वहिनी, लशींचा फ्रिज बंद पडलाय गं. दोनशे चाळीस डोस आहेत. दुपारपर्यंत गेलेच समज."

पेटी बाहेर न्यायला गेटपास लागतो, त्यावर मॅनेजरांची सही लागते. मॅनेजर मुख्य कार्यालयात 'नव्या उद्योगांना तातडीची मदत' या विषयावरच्या मीटिंगमध्ये होते. फोन उचलला नाही.

१०.५५ ला मी पेटी ढकलगाडीवर चढवली. वॉचमन म्हणाले, "काकू, पासशिवाय नेलीत तर चोरी लिहावी लागेल मला." मी म्हटले, "लिहा. वेळही लिहा." कर नाही त्याला डर कशाला? त्यांनी लिहिले, गाडी जड म्हणून दार धरले आणि मग पोलिसांना फोन केला. माणूस नियमाचा पक्का आहे, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

११.२० ला डोस पेटीत ठेवले. ती खोलीबाहेर कधी चालवलेली नव्हती. झाकण लावून मी तापमानाच्या आकड्यासमोर बसले, हेही लिहून घ्यावे. ११.५० ला दोन हवालदार आले. एकाने झाकण उघडायला सांगितले. मी उघडू दिले नाही. नणंद म्हणाली, "साहेब, अटक करायची तर वहिनीला करा, पेटीला हात लावू नका." हा सरकारी कामात अडथळा असेल तर तो आम्ही दोघींनी मिळून केला. पुढे तेच हवालदार दर अर्ध्या तासाने आकडा वाचून नणंदेला वहीत लिहायला लावत होते.

फ्रिजचा सुटा भाग पाच वाजता मिळाला, तोही मीच बसवला. तोवर पेटीचा आकडा पाचाच्या वर गेला नाही. लशींना आठ अंशांपर्यंत चालतो. सगळेच्या सगळे डोस वाचले. एवढा आनंद मला सहा वर्षांत झाला नव्हता.

दवाखान्याने अशा तीन पेट्या मागितल्या आहेत, पत्राची प्रत जोडली आहे. अट पुरी झाली, खोली माझ्याकडेच राहिली. सात वाजता मॅनेजर इथे पोलीस ठाण्यात येऊन म्हणाले, "काकू, तक्रार मागे घेतो, पण सरकारी वस्तू आधी जमा करा." तेव्हा ११२ नंबरची चिकटपट्टी सोलून या जबाबासोबत जमा करत आहे. पेटी माझी आहे.

जबाब मला वाचून दाखवला. सगळा माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, फक्त वर व्यवसाय चुकला आहे. 'घरकाम' खोडून 'पेट्या बनवणे' लिहावे. खोडलेल्या जागी सही केली आहे.