चिन्मयीची हरकत

"चिन्मयीची गाडी धूळ खातेय आणि तू पुन्हा तिच्या नोंदणीचा रेगो भरलास," पॅरामॅटाच्या बसरांगेत नीलाच्या पुढची बाई नवऱ्याला म्हणाली.

"लागेल गं लेकीला, आल्यावर."

"फोन तरी करते का?"

"अंजू, कामात आहे ती. युरोपच्या नियमाचा मसुदा आला, की तिथल्या प्रत्येक देशाचं विमान वाहतूक खातं हरकती पाठवतं. तिच्या खात्याची हरकत तिने लिहिली."

"ती राहते त्या एवढ्याशा देशाचं कोण ऐकतंय?"

"ऐकलं ना. आता रात्रीच्या उड्डाणानंतर वैमानिकांना जास्त विश्रांती. सबंध युरोपात."

"हट्टी, अगदी तुझ्यासारखी."

"माझ्याकडे नुसता हट्ट होता. तिच्याकडे पाचशे वैमानिकांच्या झोपेच्या नोंदी होत्या."

"मग आता?"

"पुढच्या नियमाचा मसुदाच युरोपने तिला लिहायला दिलाय."

पुढचं ऐकायला नीलाने आपली बस जाऊ दिली.

"विलास, गाडी विकून टाक. ती आता परत यायची नाही."