मुंडकं मागं फिरलेला वैमानिक

नाही, पण मी म्हणतो, मुंडकं धडापासून वेगळं द्यायचं काही कारण होतं का? विमानाचे पंख वेगळे, कबूल. शेपटी वेगळी, चाकं वेगळी, तीही कबूल. पण माणूस? नखाएवढा प्लॅस्टिकचा माणूस, त्याचं धड एका काडीला, मुंडकं दुसऱ्या काडीला, ज्वारीच्या दाण्याएवढं! आणि ते जोडायचं कुणी? तर मी. लोकदैवतांच्या अभ्यासात ज्याची तीस वर्षं गेली, टाकांवर, म्हणजे देव्हाऱ्यात पितरांच्या नावानं ठेवतात त्या चांदीच्या प्रतिमांवर, ज्यानं चारशे पानांचा ग्रंथ लिहिला, त्या मी! का? तर शिकलेला माणूस!

तुम्हाला सांगतो, हा सगळा उद्योग कुरुंदवाडच्या माझ्या आत्तीपायी, चिमणाबाईपायी. तिचा थोरला, अमरसिंह, हवाई दलात. एकाहत्तरच्या लढाईत नॅट विमान घेऊन गेला तो परत आला नाही. सरकारचं पत्र आलं, 'बेपत्ता'. मृत नाही हं, बेपत्ता! या एका शब्दावर आत्तीनं सव्वीस वर्षं काढली... पितृपक्षात म्हाळ घातला की पितरांची पानं वेगळी, जेवणाऱ्यांची वेगळी, आणि अमरसिंहाचं पान दरवर्षी जेवणाऱ्यांच्या पंगतीत. गरम पोळी, वर तूप. ते पान तसंच राहायचं, आणि त्याच्या शेजारी बसून आपण जेवायचं! उतरतो का घास?

धाकटा कृष्णात. त्यानं गुजरीतल्या सोनाराकडून भावाचा टाक करून आणला. कसला? तर सगळे असतात तसला, घोड्यावर स्वार, हातात तलवार. आत्तीनं तो उलटापालटा करून बघितला.

"ह्यो कोन?"

"थोरला हाय की, आई."

"माजा ल्योक कवा घोड्यावर बसलाता रं, गाडवा? घोड्याला भ्यायचा त्यो!"

झालं. टाक ट्रंकेत.

मग अठ्ठ्याण्णव साली आत्तीनं अंथरूण धरलं आणि एकच धोशा, "त्येचं इमान कसलं हुतं, त्ये एकदा दावा मला." कृष्णातनं मुंबईहून खोकं मागवलं, सुट्या भागांचं विमान, ज्याचं त्यानं जोडून घ्यायचं, आणि ते आणून ठेवलं थेट कोल्हापुरात, माझ्या टेबलावर! "गणपतदादा," म्हणाला, "आई हाय तवर टाक बसला पायजे. ती गेल्यावर थोरल्याला मेला म्हनायचं कुनी? मी? माज्या हातनं न्हाय व्हायचं. इमान बघून तरी तिचं मन वळंल. जोड की! तू शिकलेला मानूस!"

जोड की! अहो, सूचनांच्या कागदावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं, बाण आणि आकडे... ज्याचं आयुष्य तळटीपांत गेलं त्यानं आता बाण वाचायचे? डिंक पंखाला धरेना, बोटाला धरला, बोट चष्म्याला, आणि आमच्या सौभाग्यवती, संयोगिताबाई, दारातून, "अहो, विमान चिकटवताय का स्वतःला?" पंधरा दिवस! मुंडकं तीनदा टेबलाखाली पडलं, तीनदा मी फरशीवर रांगत, पंजानं चाचपत ते शोधलं, आणि मधेच मनात यायचं, खऱ्याला असं कुणी शोधलं असेल का... असो. असो! चौथ्यांदा एकदाचं चिकटलं, वर काच बसवली, आणि बघतो तर काय? उलटं! धड पुढं, तोंड शेपटीकडं! काच काढली, मुंडकं ओढलं, पिळलं, हलायचं नाव नाही. जे चिकटायला नको तेच पक्कं चिकटतं, हा सिद्धांत मी अजून कुठल्या परिसंवादात मांडलेला नाही. काच परत ठेवून दिली. म्हटलं, ऐंशीची म्हातारी, काचेआडचं काय दिसणार तिला? बघा, शिकलेला माणूस कसा विचार करतो!

एसटीनं, मांडीवर खोकं घेऊन, कुरुंदवाड. विमान आत्तीच्या हातात दिलं. ती बघतच राहिली.

"एवढंसं? ह्येच्यात कसा मावला रं माजा? सा फूट हुता त्यो."

कृष्णातनं तोंड फिरवलं. मी आपला सुरू, आत्ती, हे बहात्तर पटीनं लहान, मूळ विमान... कोण ऐकतंय! तिनं नखानं काच उचलली, माझंच काम, लगेच सुटली, आणि आतला माणूस काढून तळहातावर घेतला. डोळ्यांजवळ नेला.

"गणपत, मुंडकं मागं का रं ह्येचं?"

"चुकलं, आत्ती. उलटं बसलं."

"चुकलं न्हाई. मागं बघतोय. घराकडं. एस्टीत बसून जातानाबी असंच बघायचा, वळान येस्तवर."

तिनं पदराच्या टोकानं तो माणूस पुसला आणि माझ्याकडं वळली.

"टाकावर पुस्तक ल्हिलंयस न्हवं तू? मग सांग. पलाष्टिक चालतंय का देवात?"

मंडळी, चारशे पानं! चांदी, तांबं, पितळ, तालुक्यातालुक्याचे नमुने, ठोकीव कोणते, ओतीव कोणते, आणि प्लॅस्टिकला आधार? एक नाही हो, एक नाही!

"चालतंय, आत्ती," म्हटलं.

कृष्णातनं धरून नेलं तिला देव्हाऱ्यापाशी. पितरांच्या ओळीत तिनं त्याला बसवला, धड भिंतीकडं, तोंड घराकडं. कुंकवाचं बोट लावलं तर सगळा माणूसच लाल झाला. त्या वर्षीच्या म्हाळाला अमरसिंहाचं पान तिनं अंथरुणातून सांगून पितरांत मांडायला लावलं. पुढच्या म्हाळाला त्याच्या शेजारी तिचं.

विमान मात्र कुणालाच नको होतं. ते आलं माझ्याकडं, ग्रंथांच्या कपाटावर. येणारा प्रत्येक पाव्हणा विचारतो, "सर, ह्यातला माणूस कुठं हरवला हो?" हरवला नाही, म्हणावंसं वाटतं, मी मुंडकं उलटं बसवलं म्हणून तर सापडला! पण असं बोलायचं कसं? चारचौघांत? शिकलेला माणूस ना मी...