चार जाड तारा

नागपूरहून उमरेडला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर साठी ओलांडलेलं एक जोडपं बसलं होतं. दोघांच्या मध्ये एक जुनी, लांब मानेची गिटार होती. बाईंचा आवाज अख्ख्या बसला ऐकू जात होता.

"घरी चांगली गिटार असताना हे जुनं लाकूड काहून घेतलं?"

"साधी गिटार नाही वं अंजना, हा बेस आहे. याले चारच तारा असतात, पण जाड."

"मान तं वाकडी दिसून राहिली."

"आत लोखंडी सळई असते. पान्यानं हळूहळू फिरवली का सरळ होते. मी करतो घरी."

"अन् आपली गिटार?"

"सूनबाईले देतो. तिले शिकायची आहे."

"अवो, तीस वर्षं वाजवली तुमी ते!"

"वाजवली. पण तिच्या बारीक तारा आता मले ऐकूच येत नाहीत. खाणीतल्या मशीनींनी कान खराब केले. याचा आवाज मात्र छातीत लागते. दुकानात स्पीकरवर वाजवला, तं बराबर समजला."

"हं."

"रागावू नको. तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

"मले दोन वर्षांपासून माहीत आहे."

"कसं?"

"मंग मी इतक्या जोरानं काहून बोलून राहिली?"

"मले वाटलं, मी रिटायर झाल्यापासून तू चिडून राहिली."

"दोन वर्षं?"

"हो ना."

"अन् तुमी काहीच म्हटलं नाही?"

"म्हटलं, चिडून का होईना, बोलून तं राहिली."