गोंदिया येईपर्यंत

(चंद्रपूरहून निघालेलं चार सीटचं लहान विमान. पुढे दीपाली विमान चालवते आहे. मागच्या दोन सीटांवर तिचा आजा झाडू आणि त्याचा धाकटा भाऊ कोलू. तिघांच्याही कानांवर हेडफोन.)

झाडू : दीपे, त्याले सांग, कोपर तिकडं घे म्हणा. माह्या बरगडीत टोचून राह्यला.

दीपाली : आजा, कोलूआजा तुह्या मांडीले मांडी लावून बसला हाय. वरून कानाले हेडफोन. तू बोलला ते त्याले ऐकू गेलं.

कोलू : मले काई ऐकू नाई आलं.

दीपाली : घ्या!

झाडू : सीटच लहान हाय. इथी दोन मानसाईची जागा नाई.

कोलू : मानसं दोनच हायेत. पोट तिसरं हाय. सांग त्याले.

झाडू : पुढची सीट रिकामी हाय ना? मी तिथी बसलो असतो.

दीपाली : एकाले पुढं बसवलं असतं त कोन मोठा, कोन लहान, यातच चंद्रपुरात दुपार झाली असती. म्हणून दोघंई मांगं. पुढं थैली बसली हाय. तिची काई तक्रार नाई.

कोलू : पोरी, तू मले सांगितलं होतं का मोठ्या घरचे येऊन नाई राह्यले. विमानाचं भेव वाटते म्हणे त्याईले.

झाडू : मले भेव? अन मले सांगे का लहान्या घरचा मानूस विमान पाहूनच वापस पळाला!

दीपाली : दोघांलेई एकच गोष्ट सांगितली. एक भेते म्हटलं का दुसरा नवं धोतर नेसून तयार. मले मालूम होतं. मी तुमचीच नात हावो.

कोलू : हे लबाडी विमानाच्या शाळेत शिकवतेत का?

दीपाली : नाई, हे घरचं शिक्षन.

झाडू : मी तुह्या बापाले, इनोदले, तवाच म्हटलं होतं, पोरीले नर्स कर. नर्स असती त जमिनीवर राह्यली असती.

दीपाली : ते पाहा, डाव्या बाजूले पोंभुर्णा. सगळे तलाव कसे चमकून राह्यले.

झाडू : हे पोंभुर्णा? इथी पोचाले माह्या बापाले बैलबंडीनं दोन मुक्काम लागत. आताच त बसलो आपन.

कोलू : तिले विचारतो मी, जाऊन कुठी राह्यलो आपन? गाव पाहाचं एवढंच सांगितलं होतं.

दीपाली : गाव पाहू, अन मंग गोंदियाले उतरू. तिथी लहानसं विमानतळ हाय. आमच्या क्लबचे लोक सुट्टीच्या दिवशी जातेत, चहा पितेत, वापस येतेत.

कोलू : चहासाठी गोंदियाले?

दीपाली : हो.

कोलू : लय चांगला राह्यते का तिथचा चहा?

दीपाली : पाणचट राह्यते.

कोलू : मंग काऊन जातेत?

दीपाली : उडाची हौस असते ना. उतराले एखादं ठिकान लागते, म्हणून चहा.

झाडू : हौस मोठी हाय लोकाईची.

दीपाली : माही हौस वेगळी हाय. आता दोघंई ऐका. मधात बोलू नका. वैशाखात माहं लग्न हाय.

झाडू : ते मालूम हाय.

दीपाली : मधात बोलू नको म्हटलं ना, आजा. मांडव गावात, आपल्या आंगनात. मांडवात मोहाची फांदी लागते. ते फांदी काकानं तोडाची, हे आपल्या गावची रीत. माह्या बापाले भाऊ नाई. काका नसन त बापाचा काका तोडते. तो उजव्या बाजूले बसला हाय. त्याले बलावाचं कोनं? मोठ्या भावानं, त्याच्या दारात जाऊन. तो डाव्या बाजूले बसला हाय. गोंदिया येईपर्यंत ठरवा.

कोलू : मी उतरतो इथीच.

दीपाली : उतरा. खाली वैनगंगा हाय.

झाडू : हे वैनगंगा? हे त वाळत टाकलेल्या लुगड्यावानी दिसून राह्यली. निरा रेती.

कोलू : चैतात रेतीच राह्यते. सांग त्याले.

दीपाली : मी कोनाले काई सांगनार नाई. आता पहाडावरून जाचं हाय, गरम हवेचे धक्के बसतीन. पट्टे पाहा. अन मले नागपूरशी बोलाचं हाय रेडिओवर, माही जागा सांगाची हाय. तवरक तुमचं तुम्ही पाहा.

झाडू : पट्टे त लावले...

कोलू : अरे बाप! दादा, धर! धर मले!

झाडू : धरलं. धरलं रे. हे आता खाली जाते का?

दीपाली : काई नाई झालं. एक धक्का होता. कोलूआजा, काय म्हटलं तुम्ही?

कोलू : काई नाई.

दीपाली : दादा म्हटलं.

कोलू : ते विमानाले म्हटलं.

झाडू : मंग विमानाले सांग म्हणा, माहा हात सोड. नखं रुतून राह्यली.

दीपाली : आता डाव्या बाजूले गाव पाहा. मले पहाडातून समजत नाई, सगळं सारखंच दिसते. आजा, तू म्हटलं होतं गावाची खून, निशानी सांगतो म्हणून.

झाडू : खून पक्की हाय. मी तुह्या आजीले, सोमारीले, सांगून आलो. विमानाचा आवाज आला का मोहाखालचा पाला पेटवजो, वल्ला पाला टाकजो वरून. धूर दिसला का आपलं झाड. झाड सापडलं का गाव.

दीपाली : दिसला का धूर?

झाडू : दिसला. हा काय.

दीपाली : चला, झालं.

झाडू : थांब. तिकडंई हाय एक.

दीपाली : कोनता?

झाडू : तिकडं पल्याडई. अन पहाडाच्या आंगाले... हे त सगळ्या जंगलात धूर हाय वो दीपे!

कोलू : मोहफुलाच्या दिवसात धुराची खून! सगळा मुलूख झाडाखालचा पाला जाळून राह्यला फुलं वेचाले, अन याची खून काय, त धूर. अशी अक्कल फक्त मोठ्या घरीच भेटते.

झाडू : त्याले विचार, त्याची खून काय हाय?

कोलू : मी काई खून केली नाई. खून लागत नाई मले.

दीपाली : कोलूआजा, सांगा ना मंग. मले इथी लय वेळ फिरता येनार नाई.

कोलू : मी कसा सांगू? गाव डाव्या बाजूले म्हणून राह्यली तू. माह्या बाजूले निरा बांबू दिसते.

दीपाली : आजाजवळ खिडकी हाय. तुमच्याजवळ डोस्कं हाय. काय कराचं ते करा.

कोलू : ...नदी पाहा म्हणा.

झाडू : पाह्यली.

कोलू : नदी जिथी दोनदा वळते, तिथी शाळेचे निळे पत्रे दिसतीन.

झाडू : निळे नाई, लाल हायेत.

कोलू : लाल त ते पल्याडचं गाव. तू नेहमी पुढच्या गावात उतरत होता, एसटीतूनई. मांगं ये.

झाडू : मांगं कसा येऊ? विमान हाय हे.

कोलू : डोळ्यानं ये!

झाडू : ...हाव. हायेत निळे.

कोलू : तिथून बोडीकडं पाहा. आपली बोडी.

झाडू : वाळली हाय. मधात थोडंसं पानी हाय, म्हशी बसल्या हायेत.

कोलू : बोडीच्या पाळीवरून बांध निघते. बांधावर...

झाडू : दिसलं. दिसलं रे कोलू! पानं नाई एकई, निरं फुलाचं झाड. खाली सगळी जमीन पिवळी झाली हाय. दीपे, इथी फिरव, इथी!

दीपाली : फिरवून राह्यली. आरामानं पाहा.

झाडू : ह्याच झाडाखाली माय आम्हाले झोपवे. अंधाऱ्यातच आनून टाके पोत्यावर, अन आपन वेचे. अस्वल आलं होतं तवा. मी याले उचलून फांदीवर बसवलं, अन मंग मी चढलो.

कोलू : मी आपल्या पायानं चढलो होतो.

झाडू : तू एवढासा होता.

कोलू : एवढासा होतो म्हणूनच लवकर चढलो. तुह्या वजनानं फांदी वाकली, त मायच खाली उभी राहून अस्वलाले शिव्या देत होती.

झाडू : ते खरं हाय. लय शिव्या देल्या. अस्वल फुलं खातच राह्यलं.

कोलू : निवांत खात होतं. मायच थकली.

झाडू : दीपे, झाडाखाली सोमारी उभी हाय. लाल लुगडं दिसून राह्यलं. तिच्या बाजूले हिरव्या लुगड्यात कोन हाय?

कोलू : हिरवं?

झाडू : हिरवं. दोघी हात हालवून राह्यल्या. दोघीईचा टोपला एकच दिसते.

कोलू : हिरवं लुगडं त आमच्या घरचं हाय.

दीपाली : लहानी आजीच हाय ते. दोघी रोजच संगं वेचतेत. तुम्ही दोघं उठाच्या आंधी.

झाडू : कवापासून?

दीपाली : मले आठवते तवापासून.

कोलू : मले म्हणे, मोठ्या घरच्याईनं वेचून नेलं, आपल्याले एवढंच उरलं!

झाडू : मलेई तेच सांगे!

दीपाली : अर्धं-अर्धं वाटून घेतेत अन दोघी तुम्हाले कमी सांगतेत. आता आपन उजव्या बाजूनं फिरू. कोलूआजा, तुमच्या खिडकीतून पाहा.

कोलू : मले नाई पाहाचं.

दीपाली : मंग डोळे मिटा. मी फिरवून राह्यली.

झाडू : पाह्यलं का?

कोलू : बोडीकडची फांदी नाई हाय.

झाडू : कोनती?

कोलू : तुले मालूम हाय कोनती. इनोदच्या मांडवात गेली ते. दुसऱ्या बाजूनं झाड भरलं, त्या बाजूनं अजून तसंच हाय.

दीपाली : नागपूर बलावून राह्यलं मले. मी बोलतो जरा.

कोलू : इनोदचा काका मी होतो. फांदी मी तोडाची होती. तोडली कोनं? तुह्या साळ्यानं. पत्रूनं. त्याले झाडावर चढताई येत नव्हतं, शिडी लावली होती.

झाडू : तू येनार नाई म्हणे.

कोलू : कोन म्हणे?

झाडू : लोकं म्हणत.

कोलू : लोकं माह्या घरात राह्यत होते का? आपली घरं पाठीले पाठ लागून हायेत. तू लोकाईले विचारलं, मले नाई विचारलं.

झाडू : फुलाच्या वाट्यावरून बोलनं झालं होतं ना आपलं त्या साली. मले वाटलं, तू दारातून वापस पाठवशीन. लग्नघरचा मानूस, पाहुने आलेले...

कोलू : मी आंगोळ करून बसलो होतो.

झाडू : अं?

कोलू : सकाळीच. आंगोळ करून, नवा टुवाल खांद्यावर घेऊन ओट्यावर बसलो होतो. वाट पाहून राह्यलो होतो तुही. मंग माह्या समोरूनच फांदी गेली. बाजा वाजवत.

झाडू : टुवाल पिवळा होता का?

कोलू : हो.

झाडू : काठ तांबडा?

कोलू : तुले काय मालूम?

झाडू : मी पाह्यलं होतं. मी येऊनच राह्यलो होतो तुह्याकडं. वळनावरून पाह्यलं त तू नवा टुवाल टाकून बसला. मले वाटलं, बाजाराले चालला. घरचं लग्न सोडून मुद्दाम बाजाराले. मी वळनावरूनच वापस गेलो.

कोलू : बाजार? त्या दिवशी बाजार कुठी होता?

झाडू : आता मले काय मालूम. डोस्क्यात राग होता.

कोलू : बाजाराले मी नवा टुवाल कवा घातला?

झाडू : तेच म्हणतो मी. मलेई समजाले पाह्यजे होतं.

दीपाली : झालं माहं बोलनं. तुमचं काय ठरलं?

झाडू : काई नाई. खाली पाहून राह्यलो.

दीपाली : आता खाली निरा धानाच्या बांध्या हायेत. डाव्या बाजूले, लय दूर, ते ब्रह्मपुरी. कोलूआजा, कान दुखून राह्यले का?

कोलू : नाई.

दीपाली : मंग डोळे काऊन पुसून राह्यले?

कोलू : धूर गेला डोळ्यात.

दीपाली : धूर त गावाजवळच राह्यला मांगं.

झाडू : तू समोर पाह्य, दीपे. विमान चालवतानी मांगं पाहू नाई.

दीपाली : बरं. पट्टे आवळा. ते समोर लांब पट्टा दिसते ना, ते गोंदिया. उतरतानी एक धक्का बसन.

कोलू : अजून एक?

झाडू : इकडं सरक थोडा. कोपर राहू दे.

दीपाली : उतरून राह्यलो... उतरलो. झालं. आता हेडफोन काढा, अन काई बोलाचं असन त मले सांगू नका. मी गाडी लावतो अन चहाचं पाहातो.

झाडू : कोलू.

कोलू : काय?

झाडू : बुधवारी घरी हायेस का तू?

कोलू : मी कुठी जातो.

झाडू : येतो मी. सकाळीच येतो.

कोलू : ये. जेवून नको येजो.