छातीचं दुखणं

—नाही नाही, बसा ना वन्सं, ते स्टूल ओढा. इस्त्री तापलीये, ती काही तुमच्यासाठी थांबायची नाही. काम करता करताच बोलते. काय म्हणालात? मी तुमच्या लेकीचे कान भरले? भरले की! चांगले काठोकाठ भरले. तुमची आई कशानं गेली ते तुमच्या धाकटीला मीच सांगितलं. दुकानात कुणी नाहीये, आणि असतं तरी मी हळू बोलले नसते. हळू बोलून बोलूनच तर माझी पोर गेली.

"छातीचं दुखणं" — काय शब्द शोधून काढलात हो! लग्न होऊन आले तेव्हापासून तेच ऐकतेय, सासूबाई छातीच्या दुखण्यानं गेल्या. मला वाटायचं, दमा असेल. तुमच्या भावालाही तेच वाटायचं — तो तेव्हा लहान, आईचं अंग पुसायचात तुम्ही. माझ्या पोरीला गाठ लागली तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कुणाला? आईकडे, वडिलांकडे? मी छातीठोकपणे — बघा, पुन्हा छातीच! — छातीठोकपणे म्हटलं, कुणालाच नाही. तुम्ही शेजारी उभ्या. पर्स उघडत होतात, मिटत होतात, तोंड तेवढं नाही उघडलंत. मग बाई म्हणाल्या, वय लहान आहे, थोडे दिवस बघू. बघत बसलो आम्ही. गाठ दुखत नव्हती ना! दुखली असती तर धावलो असतो. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत ओढलं गेलं, तेव्हा धावलो. आणि ती गेल्यावर माझ्या गळ्यात पडून काय म्हणालात? "अगदी आईसारखंच झालं गं." विसरलात? मी नाही विसरले.

त्या दिवसापासून टपून बसले होते. खोटं कशाला बोलू — तुमच्या घरातही हेच व्हावं, असं मनात आणलं होतं मी. हो, आणलं होतं. रोज, इस्त्री फिरवताना. असं बघता काय? मग परवा तुमची धाकटी कपडे न्यायला आली आणि म्हणाली, "मामी, काखेत गाठ आहे. आई म्हणते, दुखत नाही ना, मग लग्न ठरेपर्यंत गप्प बस." — हात जागच्या जागी थांबला माझा. तुमच्याच यजमानांच्या शर्टाची कॉलर करपली. तो शर्ट तसाच घेऊन जा.

मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून गेली ना आज धाकटी? तिथे नाहीये ती. हॉस्पिटलात आहे, मामाबरोबर. गाठीचा तुकडा काढून तपासणार आहेत. आणि तिथेही तोच प्रश्न — आजीला नेमकं काय झालं होतं? कितव्या वर्षी? एकीकडे की दोन्हीकडे? मला काय ठाऊक, मामाला काय ठाऊक! जिवंत माणसांत ठाऊक आहे ते फक्त तुम्हाला. सांगा. हा फोन बघा, या चादरीखाली, मघापासून चालू आहे. तुम्ही कबूल कराल ते तिनं तुमच्याच तोंडून ऐकावं म्हणून ठेवला होता. ऐकतेय ती, सगळं—

अगं बाई.

सगळंच ऐकलंस का गं तू? माझंही? मी मनात आणलं होतं ते?

...

असू दे. माझं काय ते नंतर बघ. आधी आईचं ऐक, आणि डॉक्टरांनाही ऐकू दे. धरा वन्सं, नीट धरा. छाती नाही म्हणायचं. स्तनाचा कर्करोग म्हणायचं. रडा नंतर. मोठ्यानं बोला.