दुसरा पापुद्रा

नाही हो दादा, मशीनवर कशाला राग काढता? मशीन बिचारं चांगलंय. ज्याने आधी उघडलंय ना, त्याला धरा. ते स्टूल ओढा, बसा — वेल्डिंग मशीन म्हणजे अर्धा तास तरी लागणार. वीस दिवसांत दुसऱ्यांदा गेलं म्हणता? मग जाणारच! या इकडे, दिव्याखाली. हा भिंगाचा दिवा आहे, यात मुंगीचे दात दिसतात. ही काळी चौकोनी ओळीने बसलीयत ना, तीन-तीन पायांची? सहा आहेत. आयजीबीटी म्हणतात — नावाला घाबरू नका, तुमच्याच धंद्यातली आहेत. तुम्ही लोखंडी गेट बनवता ना? यांच्या एका पायाचं नावच गेट. त्या पायाला इवलंसं व्होल्टेज दाखवलं की उरलेल्या दोन पायांतून धो धो करंट सोडतात, काढून घेतलं की बंद. सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद, उघड-बंद — तुमच्या बिजागऱ्या टिकतील का एवढं? तर बघा, पाच मूळचे, ठणठणीत. सहावा नवा बसवलेला, आणि नेमका तोच उडालाय. म्हणजे चूक कुणाची? बसवणाऱ्याची! कोण शहाणा होता? — थांबा, सांगू नका, आधी त्याचे प्रताप बघू, मग नावानिशी उद्धार करू.

हा स्क्रू काढला की... हं. काही नाही. अहो, काही नाही म्हटलं ना. स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका आहे, नेलपेंटचा. सैल होऊ नये म्हणून लावतात. सगळे नाही लावत — एकच माणूस लावतो. बाजारामागच्या गल्लीतलं दुकान का? जिन्याखालचं? कानावर पेन्सिल? — मग आधी सांगायचं नाही का! मी इथे तोंड सोडून बसलेय आणि तुम्ही खुशाल ऐकताय! मीच नको म्हटलं? म्हटलं असेल. अहो, अप्पा आहेत ते. माझे वडील. ती नेलपेंटची बाटली माझ्या आईची, तिने एकदाच लावलं, बाकी सगळं स्क्रूंना.

शिकले त्यांच्याकडेच, तर. मग वेगळं दुकान का? तुम्हाला गेट बनवायचं सोडून चौकशा फार! सांगते. सात वर्षं झाली. अप्पांनी एका चार्जरमध्ये डायोड उलटा लावला — होतं हो, कुणाच्याही हातून होतं. आणि मी गिऱ्हाइकासमोर म्हटलं, अप्पा, डायोड उलटा लागलाय. तेवढ्यावर भागलं असतं, पण मी हसले. गिऱ्हाईकही हसलं. अप्पा म्हणाले, एवढं कळतंय तर स्वतःचं दुकान काढ. मीही त्यांचीच पोर — काढलं, महिन्याभरात, दोन गल्ल्या सोडून! तेव्हापासून बोलणं बंद. घरी जाते मी, नाही असं नाही. आईशी गप्पा मारते, आणि अप्पा समोर पेपर धरून बसतात. आता पूर्वीसारखं पानही उलटत नाहीत — एकच पान, मी असेपर्यंत. एवढा राग!

हं, निघाला हा सहावा. आता बघा, याची पाठ जिवंत असते — करंट असतो तिच्यात. म्हणून पाठ आणि उष्णता ओढून घेणारं हे अॅल्युमिनियम यांच्यामध्ये अभ्रकाचा एक पापुद्रा ठेवायचा. उष्णता जाते, करंट अडतो. पण एकच हं! दोन ठेवले की उष्णता कोंडते आणि हा भाजून मरतो. लहानपणी पापुद्रे सोलून द्यायचं काम माझं. अप्पा डोळे मिटून चिमटीत धरायचे — हा एक, हे दोन, परत सोल. कधी चुकले नाहीत. मी मुद्दाम फसवायला द्यायची, तरी... थांबा.

दोन आहेत.

नाही, थांबा ना, नखाने बघू दे. दोनच आहेत, चिकटलेले. अप्पांनी दोन ठेवले? डोळ्यांना दिसले नाहीत म्हणू, अभ्रक काचेसारखं असतं. पण बोटांना कळले नाहीत? अप्पांच्या? आणि दादा, तो पेपर... ते पान उलटत नाहीत ते... अगं बाई. मला वाटायचं, माझं तोंड बघायचं नाही म्हणून धरतात. बोटांसारखे डोळेही थकलेत, वाचता येत नसेल हो त्यांना. आणि सांगणार कुणाला? मला? मी हसले होते.

नाही, रडत नाहीये, अभ्रकाला लावायची ही पेस्ट झोंबते डोळ्याला. तुमचं काम होतंय, हात चालू आहेत माझे. हा नवा बसला, खाली एक पापुद्रा — बघा, मोजा हवं तर. हा स्क्रू. लावा तुमची कांडी, ओढा ठिणगी... आहाहा! घ्या, गेट बनवा आता.

आणि ऐका, अप्पांना यातलं अक्षर सांगायचं नाही. विचारलंच तर म्हणा, व्होल्टेज वर-खाली झालं, त्यात गेलं. खोटं? असू दे खोटं. एकदा खरं बोलून बघितलंय मी, सात वर्षं पुरलंय. पैसे? सहा महिन्यांची गॅरंटी दिली होती ना त्यांनी? मग गॅरंटीतच झालं की. ठेवा ते पाकीट आत.

अहो, दचकू नका, लाइट गेली नाही. या भिंगाच्या दिव्याची वायर मीच कापली. प्लग काढून कापली हो, एवढी शिकवण आहे मला! चांगला दिवा का कापला म्हणजे? चांगला दिवा दुरुस्तीला कसा नेणार? म्हणेन, अप्पा, मला काही जमत नाहीये, बघता का. वायर जोडायला डोळे लागत नाहीत त्यांना. जोडल्यावर लावून बघतीलच, भिंगाखाली हातही धरतील. मग मी तो तिथेच विसरून येईन. — उठा आता, स्टूल आत घ्यायचंय मला. निघा, निघा.