जज्जाची आई

हसणार नसाल तर सांगते. गेला आठवडाभर मी मुलीला आणायला शाळेत जाते, पण गाडीतून उतरत नाही.

झालं काय, आमच्या ईराला शाळेच्या इंग्रजी नाटकात जज्जाचं काम मिळालं. इथे आखातात, रिग्गईतल्या आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता रोज मीच तिची प्रॅक्टिस घ्यायचे, त्यामुळे अख्खं नाटक मलाही पाठ. प्रयोगाला नवरा रिफायनरीतून थेट आला आणि पडदा उघडायच्या आत घोरायला लागला. मी त्याला कोपरानं ढोसत होते, "जरा लाज वाटू दे!"

शेवटी निकालाचा प्रसंग आला. ईरा उभी राहिली आणि गप्पच. मला वाटलं, विसरली. दुसऱ्या रांगेतून मी ओरडले, "अगं, गिल्टी म्हण! गिल्टी!"

ती विसरली नव्हती. नाटक बसवणाऱ्या सरांनीच तिला निकालाआधी जरा थांबायला सांगितलं होतं. सगळा हॉल हसला, स्टेजवरचा आरोपीसुद्धा. नवरा दचकून उठला आणि टाळ्या वाजवायला लागला.

घराशी गाडीतून उतरताना ईरा म्हणाली, "आई, नेक्स्ट टाइम तू पण बाबांसारखी झोप ना, प्लीज."